ठशाखालचा ठसा: ओव्हरस्ट्राईक रोमन नाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओव्हरस्ट्राईक म्हणजे नेमकं काय?

नाणं पाडायला एरवी कोरी चकती लागते. धातू वितळवा, चकत्या ओता, त्यांचं वजन तपासा, तापवा, मग दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरून हातोडा हाणा. ओव्हरस्ट्राईकमध्ये यातला चकतीचा सगळा खटाटोप टाळलेला असतो. चलनातलं जुनं नाणं उचलायचं, थेट ठशांमध्ये ठेवायचं आणि घाव घालायचा. घाव नीट बसला तर जुनं चित्र पुसलं जातं. जरा कमी पडला तर नव्या सम्राटाच्या गालावर जुन्या सम्राटाची दाढी राहते.

संग्राहक खालच्या नाण्याला ‘अंडरटाईप’ म्हणतात. इथे मी सरळ ‘वरचं नाणं’ आणि ‘खालचं नाणं’ असंच म्हणतो.

म्हणजे ही टांकसाळीतली चूक का?

नाही. चुकून झालेली नाणी वेगळी. ओव्हरस्ट्राईक हा ठरवून केलेला उद्योग आहे. घाईत केलेला असेल, कमी माणसांनी केलेला असेल, पण ठरवूनच.

रोमन लोकांना याची गरज का पडली? धातूची एवढी टंचाई होती का?

टंचाई हे एक कारण. पण दरवेळी तेच नसतं, आणि कारण शोधण्यातच या छंदाची खरी मजा आहे. चार-पाच प्रसंग सांगतो.

निव्वळ नफ्याचं उदाहरण म्हणजे ट्राजन डेसियस (इ.स. 249 ते 251). कॅराकॅलाने इ.स. 215 मध्ये अँटोनिनियानस हे नवं चांदीचं नाणं काढलं. सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट, ही त्याची खूण. बहुतेक अभ्यासक त्याची किंमत दोन डिनारियस (डिनारियस म्हणजे रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं) धरतात, पण त्यात चांदी मात्र दीड डिनारियसचीच होती. पुढे पुढे ते हलकं आणि हिणकस होत गेलं. डेसियसच्या वेळी गोष्टी अशा थराला आल्या की सेव्हेरस घराण्याचा जुना तीन ग्रॅमचा डिनारियस घ्या, त्यावर किरणमुकुटाचा ठसा मारा, की एकाचे दोन झाले. धातूत कणभर भर नाही. डेसियसनंतर ट्रेबोनियानस गॅलस आणि व्होल्युसियन यांच्या नाण्यांतही हाच प्रकार दिसतो.

रेगेलियनसची गोष्ट वेगळी. इ.स. 260 च्या सुमारास डॅन्यूबकाठी, कार्नुंटम इथे (आजच्या ऑस्ट्रियात) या सेनापतीने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. सैन्याला पगार द्यायचा तर नाणी हवीत, आणि हाताशी धड टांकसाळ नाही. मग मिळतील ते जुने डिनारियस गोळा करून त्यांवर आपलं आणि बायको ड्रायंटिलाचं नाव मारलं. ठसे इतके ओबडधोबड की खालच्या नाण्यावरची सफाईदार अक्षरं वरच्या अक्षरांपेक्षा जास्त वाचता येतात! त्याची सत्ता थोडाच काळ टिकली, त्यामुळे ही नाणी अतिशय दुर्मीळ आहेत. खोटी भरपूर, हेही लगेच सांगून ठेवतो.

त्याच वर्षी गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) पोस्ट्युमसने स्वतंत्र राज्य उभं केलं. त्याचे तांब्या-पितळेचे दुहेरी सेस्टर्शियस पाहा (सेस्टर्शियस हे डिनारियसपेक्षा कमी मोलाचं मोठं पितळी नाणं). शंभर-दीडशे वर्षं वापरून गुळगुळीत झालेले ट्राजन, हेड्रियन, अँटोनिनस पायस यांचे सेस्टर्शियस घेतले, त्यांवर किरणमुकुटाचा पोस्ट्युमस मारला आणि किंमत दुप्पट केली. मोठी चकती, जाड धातू, खालचे अवशेष ठसठशीत. नवशिक्याला हातात देऊन दाखवायला यासारखं नाणं नाही.

कॅरॉसियस (इ.स. 286 ते 293) हा इंग्लिश खाडीतला आरमारप्रमुख. त्याने ब्रिटन बळकावलं. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांखाली टेट्रिकस, व्हिक्टोरिनस, गॅलिएनस, क्लॉडियस दुसरा अशी मागच्या पिढीतली मंडळी सापडतात. पुढे टांकसाळीची घडी बसली आणि हा प्रकार कमी झाला.

राजकारणाचं सगळ्यात ठळक उदाहरण तर रोमच्या विरोधकांचं आहे. इ.स. 132 ते 135 मध्ये जुडियात (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भागात) बार कोखबा या ज्यू नेत्याचं बंड झालं. बंडखोरांनी नवी चकती ओतलीच नाही, सगळी नाणी रोमन आणि आसपासच्या प्रांतिक नाण्यांवर मारली. व्हेस्पाशियन, ट्राजन, हेड्रियन यांचे डिनारियस आणि अरबस्तान प्रांतातले ट्राजनचे द्राक्म (ग्रीक पद्धतीची चांदीची नाणी) यांवर द्राक्षांचा घड, वीणा, तुताऱ्या, सुरई आणि जुन्या हिब्रू लिपीत ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ असा लेख. सीरियातल्या अँटिऑकच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवर जेरुसलेमच्या मंदिराचा दर्शनी भाग, तोही रोमनांनी ते मंदिर इ.स. 70 मध्ये उद्ध्वस्त केल्यानंतर सहा दशकांनी. तांब्याच्या नाण्यांवर तर ठसा मारण्याआधी कानस फिरवून सम्राटाचा चेहरा घासून काढलेला दिसतो, काही नाण्यांवर कानशीचे समांतर ओरखडे आजही मोजता येतात. धातूची गरज होतीच, पण सम्राटाला पुसण्याची हौसही होती.

फक्त तिसऱ्या शतकातलीच नाणी असतात का?

मुळीच नाही. दुसऱ्या प्युनिक युद्धात (रोम विरुद्ध कार्थेज, इ.स.पू. 218 ते 201) सिसिली आणि सार्डिनियात रोमन टांकसाळींनी कार्थेजच्या आणि सिराक्यूजच्या नाण्यांवर आपले ठसे मारले. सिराक्यूजचा राजा हिएरॉन दुसरा याचं पोसायडन आणि त्रिशूळ असलेलं तांब्याचं नाणं, आणि त्यावर रोमन मर्क्युरी आणि गलबताचा पुढचा भाग, ही जोडी प्रसिद्ध आहे.

हेड्रियनचे सिस्टोफोरस म्हणजे रोमच्या आशिया प्रांतातली (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली) मोठी चांदीची नाणी, तीन डिनारियसच्या मोलाची. ती जवळजवळ सगळी मार्क अँटनी आणि ऑगस्टस यांच्या दीडशे वर्षं जुन्या सिस्टोफोरसवर मारलेली आहेत. तिथे घाईही नव्हती, बंडही नव्हतं. जुनी नाणी झिजून हलकी झाली होती, त्यांना नवा चेहरा दिला, इतकंच. मला व्यक्तिशः हीच सगळ्यात देखणी वाटतात, कारण वरचा आणि खालचा दोन्ही कारागीर कसलेले आहेत.

आणि पूर्व रोमन, म्हणजे बायझंटाईन, साम्राज्यात हेराक्लियसच्या (इ.स. 610 ते 641) काळात तर पूरच आला. इराणच्या सासानी राज्याशी वर्षानुवर्षं युद्ध, खजिना रिकामा, तांब्याचं फॉलिस दिवसेंदिवस हलकं. जुने जाडजूड फॉलिस एकतर तसेच्या तसे पुन्हा ठोकले, नाहीतर छिन्नीने तोडून तुकड्यांवर ठसे मारले. म्हणून हेराक्लियसची कित्येक नाणी गोल नसतात, पोळीचा कोपरा तोडावा तशी दिसतात.

माझ्याकडच्या नाण्यावर अक्षरं दुहेरी दिसतात. ते ओव्हरस्ट्राईक आहे का?

बहुधा नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि दहातल्या आठ वेळा उत्तर ‘नाही’ असंच निघतं.

अक्षरं तीच असतील आणि थोडी सरकून पुन्हा उमटली असतील, तर तो दुहेरी घाव आहे. पहिल्या घावानंतर नाणं जरासं हललं आणि दुसरा घाव पडला. नाकं दोन, पण माणूस एकच.

एका बाजूला चेहरा उठावदार आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा आत खोलगट आणि आरशातल्यासारखा उलटा असेल, तर ते ब्रॉकेज. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि त्यानेच पुढच्या चकतीवर ठसा उमटवला.

मोकळ्या जागेत दुसऱ्या बाजूच्या चित्राची उलटी, पुसट छाया असेल, तर मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आपटलेले असतात. अशा ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती छाया नेमकी त्याच जागी सापडते.

ओव्हरस्ट्राईकमध्ये खालचं चित्र *वेगळं* असतं, सुलटं असतं, आणि बहुतेकदा भलत्याच कोनात फिरलेलं असतं. ठसा मारणाऱ्याला खालचा सम्राट कुठे बघतोय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

छोटा शिक्का मारलेली नाणीही यात धरू नका. इ.स. 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात तीन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) गमावणारा सेनापती व्हारस आठवत असेल. त्याच्या नावाची तीन अक्षरं जोडून केलेला इवलासा शिक्का ऑगस्टसच्या तांब्याच्या नाण्यांवर सापडतो, आणि कालक्रीझच्या रणभूमीवर अशी नाणी मिळाली आहेत. मूळ नाणं तसंच आहे, त्यावर फक्त एक खूण वाढली. तो स्वतंत्र विषय आहे.

खालचं नाणं शोधायला सुरुवात कुठून करायची?

कडेपासून. नवशिका थेट चेहऱ्याकडे बघतो आणि तिथेच अडकतो.

आधी ठशाचं गणित समजून घ्या. ठशाचा सपाट भाग नाण्यावरची मोकळी जागा बनतो आणि ठशातला खड्डा चित्र बनतो. घाव पडतो तेव्हा सपाट भाग जुनं चित्र चेपून टाकतो. खड्ड्याखाली मात्र धातू वर सरकतो आणि तिथे पुरेसा दाब बसेलच असं नाही. म्हणून खालच्या नाण्याचे अवशेष नव्या चेहऱ्याच्या *उंच* भागांवर टिकतात, म्हणजे गाल, मान, खांदा, मागच्या बाजूच्या देवतेची छाती किंवा मांडी. दुसरी जागा म्हणजे कड. नवा ठसा चकतीपेक्षा लहान असेल किंवा एका बाजूला सरकला असेल, तर उरलेल्या कोरीसारख्या पट्टीत जुन्या ठिपक्यांची किनार आणि दोन-चार अक्षरं शाबूत राहतात.

मग प्रकाश. ट्यूबलाईटखाली काही दिसणार नाही. खोलीत अंधार करा, एकच दिवा टेबलाच्या पातळीवर आडवा ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. एका कोनात नुसता खडबडीतपणा वाटणारी जागा दुसऱ्या कोनात अचानक अक्षर होते. दहापटीचं भिंग पुरे. मोबाईलने आठ दिशांनी आठ फोटो काढून ठेवा, कारण डोळा एकदा फसला की त्याला तेच तेच दिसायला लागतं. फोटो दुसऱ्या दिवशी पाहिलेले बरे.

वरचं कोणतं आणि खालचं कोणतं याचा गोंधळ झाला तर एकच कसोटी लावा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे अखंड जाते ती वरची, तुटते ती खालची.

एखादं नाणं उलगडून दाखवाल का?

समजा, हातात डेसियसचा अँटोनिनियानस आहे. समोर किरणमुकुट, मागे डेसिया प्रांताची उभी मूर्ती, हातात काठी आणि काठीच्या टोकाला प्राण्याचं डोकं. वजन केलं तर 3.1 ग्रॅम. इथेच कान टवकारायला हवेत. त्याचे नेहमीचे अँटोनिनियानस चार ग्रॅमच्या आसपास असतात. व्यासही जरा कमी, आणि किरणांची टोकं चकतीबाहेर गेलेली.

आता चेहऱ्याची बाजू वर ठेवूनच, आडव्या उजेडात नाणं डोकं खाली येईल असं फिरवा. डेसियसच्या गालावर बारीक समांतर लाटा दिसतात. सुरकुत्या म्हणून सोडून देऊ नका. लाटा कानावरून मागे जातात आणि मानेच्या जागी एका गोल उंचवट्याला मिळतात. ती केशरचना आहे, अंबाडा घातलेली बाई आहे. म्हणजे सम्राज्ञी. सेव्हेरस घराण्यात अशा बऱ्याच जणी आहेत.

कडेच्या पट्टीत अक्षरं शोधायची. पी, आय, ए, मग थोडी जागा आणि एफचा उभा दांडा. ‘पिया फेलिक्स’. पती सेप्टिमियस सेव्हेरस इ.स. 211 मध्ये वारल्यावर जुलिया डोम्नाच्या नाण्यांवर ही बिरुदं येऊ लागली आणि 217 मध्ये ती स्वतः गेली. खालचं नाणं या सहा वर्षांत बसलं.

मागची बाजू. डेसियाच्या अंगावरून तिरकी जाडसर रेघ गेलीय आणि कडेला सी, आय, एफ अशी तीन अक्षरं. डोम्नाच्या नाण्यांवर मशाल घेतलेली ‘डायना लुसिफेरा’ आहे, लेखात नेमकी ही तीन अक्षरं लागोपाठ येतात, आणि तिरकी रेघ म्हणजे तिच्या हातातली मशाल. दोन्ही बाजूंचे दुवे एकाच प्रकारावर येऊन जुळले की काम फत्ते. एका बाजूच्या पुराव्यावर मी नाव लिहीत नाही, शक्यता म्हणून पेन्सिलने नोंदतो.

हाताशी फोटो जोडायचं कोणतंही साधं सॉफ्टवेअर असेल तर आणखी एक करा. डायना लुसिफेराच्या चांगल्या नमुन्याचा फोटो अर्धपारदर्शक करून आपल्या नाण्याच्या फोटोवर ठेवा आणि फिरवत न्या. योग्य कोन आला की मशाल मशालीवर आणि अक्षर अक्षरावर बसतं. तिथे शंका उरत नाही.

दोन-तीनच अक्षरं दिसत असतील तर नाणं कसं शोधायचं?

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ओसीआरई’ हा विनामूल्य डेटाबेस ऑगस्टसपासून पुढच्या साम्राज्यकालीन नाण्यांसाठी आहे. प्रजासत्ताकाच्या काळासाठी त्याचंच भावंड ‘सीआरआरओ’. प्रांतिक नाण्यांसाठी ऑक्सफर्डचा ‘आरपीसी ऑनलाईन’. तिन्हींत लेखाचा तुकडा टाकून शोधता येतं. तुकडा टाकताना एवढं लक्षात ठेवा की रोमन कोरणारे ‘यू’साठी ‘व्ही’ आणि ‘जे’साठी ‘आय’ कोरत.

अक्षरांपेक्षा चित्र कधीकधी लवकर बोलतं. कप्पाळाला चिकटलेले कुरळे केस आणि आखूड दाढी म्हणजे हेड्रियनपासून पुढचे. त्याच्या आधीचे सम्राट बहुधा गुळगुळीत दाढी केलेले. बायझंटाईन फॉलिसवर तर काम फारच सोपं आहे. वरही मोठं ‘एम’ असतं आणि बहुतेकदा खालीही, पण खाली ‘एम’ऐवजी चार ‘एक्स’ ओळीने दिसले तर तो फोकास, हेराक्लियसच्या आधीचा सम्राट.

वरचं-खालचं कळून उपयोग काय? छंदाच्या पलीकडे?

ओव्हरस्ट्राईकमध्ये कालक्रम धातूतच कोरलेला असतो. खालचं नाणं वरच्याच्या आधीचं, यात वादाला जागाच नाही. ग्रंथकार चुकेल, नकलनवीस चुकेल, पण हा क्रम उलटा होऊ शकत नाही.

डिनारियस पहिल्यांदा कधी पाडला गेला यावर पिढ्यान्‌पिढ्या घोळ होता. सिसिलीतल्या मॉर्गान्टिना या गावाचा इ.स.पू. 211 मध्ये विध्वंस झाला, तिथल्या उत्खननात त्या थराखाली नव्या पद्धतीची चांदीची नाणी निघाली. दुसरीकडे हिएरॉनच्या आणि कार्थेजच्या नाण्यांवर मारलेल्या रोमन तांब्याच्या मालिका कोण कोणाआधी हे सांगत होत्या. दोन्ही पुरावे एकत्र आल्यावर आज इ.स.पू. 211 च्या आसपासची तारीख धरली जाते.

शिवाय त्या क्षणी लोकांच्या कनवटीला काय होतं हेही कळतं. कार्नुंटमच्या बाजारात इ.स. 260 मध्ये पन्नास-साठ वर्षं जुने डिनारियस अजून फिरत होते, हे आपल्याला रेगेलियनसच्या घाईमुळे माहीत आहे.

महाराष्ट्रात असं काही सापडलंय का?

सापडलंय, आणि जगातल्या उत्तम उदाहरणांत ते मोडतं, फक्त नाणी रोमन नाहीत. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे मारलेले. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, आणि ब्राह्मीत राजाचं नाव. नहपानाचं नाक आणि टोपी डोंगराच्या कमानीतून डोकावत असते.

त्रिरश्मी म्हणजे पांडवलेणीतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा, लेख आहे. त्यात मुलाला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हटलंय. भिंतीवर जे दगडात लिहिलं तेच नाण्यांवर चांदीत केलं. बार कोखबाच्या नाण्यांशी तुलना करायचा मोह होतो, पण एक फरक आहे. गौतमीपुत्र युद्ध जिंकला होता, आणि धातू चोख होता म्हणून जुनं चलन मोडून टाकण्याची गरज नव्हती.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं नाणेसंग्रहालय आहे. ओव्हरस्ट्राईक ओळखायची नजर तयार करायला परदेशी लिलावांचे फोटो बघत बसण्याआधी सातवाहन-क्षत्रप नाणी एकदा डोळ्यांखालून घाला. तंत्र तेच आहे.

भारतात सापडणारी रोमन नाणी ओव्हरस्ट्राईक असतात का?

नसतात म्हटलं तरी चालेल. भारतात आलेली रोमन नाणी मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसची, आणि ती व्यापारात धातू म्हणून आलेली. त्यांवर दिसतात ते छिन्नीचे घाव. 1898 साली तामिळनाडूत पुदुकोट्टईला सापडलेल्या 501 सोन्याच्या नाण्यांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर मुद्दाम चीर दिलेली आहे. ती रद्द केल्याची खूण मानली जाते. अशा नाण्याला कोणी ओव्हरस्ट्राईक म्हणून विकत असेल तर त्याला विषयच कळलेला नाही.

सुरुवात कोणत्या नाण्यापासून करू?

हेराक्लियसच्या फॉलिसपासून. मुबलक आहेत, तुलनेने स्वस्त आहेत, आणि खालचं नाणं ओळखता आलं नाही तरी फार मोठा फटका नाही. त्यानंतर डेसियस आणि व्होल्युसियन. तिसऱ्या पायरीवर पोस्ट्युमस. हेड्रियनचे सिस्टोफोरस खिसा जड झाल्यावर. बार कोखबा आणि रेगेलियनस यांना सुरुवातीला हातच लावू नका.

चौथ्या शतकातल्या छोट्या नकली नाण्यांकडे मात्र बघाच. इ.स. 350 च्या दशकात ब्रिटन आणि गॉलमध्ये कॉन्स्टँशियस दुसऱ्याच्या ‘घोड्यावरून पडणारा स्वार’ या नाण्याच्या स्थानिक नकला निघाल्या. काही नकला कॉन्स्टँटाईनच्या घराण्याच्या ‘दोन शिपाई आणि निशाण’ या नाण्यावर मारलेल्या आहेत. बोटाच्या नखाएवढं नाणं, त्यावर स्वार, स्वाराच्या पोटात शिपाई. कोणी त्यांना महत्त्व देत नाही म्हणून ती गठ्ठ्यात मिळतात, आणि गठ्ठा चाळण्यात जी मजा आहे ती लिलावात नाही.

ओव्हरस्ट्राईकसाठी जास्त पैसे मोजावेत का?

खालचं नाणं निश्चित ओळखता येत असेल आणि दोन्ही नाणी वाचता येत असतील, तर होय. विक्रेत्याने नुसतं ‘ओव्हरस्ट्राईक’ लिहून किंमत चढवली आणि फोटोत चार खड्डे दिसत असतील, तर नाही. कित्येक विक्रेते दुहेरी घावाचं नाणंही याच नावाखाली खपवतात, त्यात फसवणुकीपेक्षा आळस जास्त असतो. उलटही घडतं. वर्णनात अवाक्षर नसतं आणि फोटो फिरवून पाहिला की हनुवटीखाली ऑगस्टस. अशी नाणी शोधत राहणं हाच या छंदातला खरा नफा.

खोटी नाणी कशी ओळखायची?

ओव्हरस्ट्राईकमधली सगळ्यात वाईट लबाडी ही की खोटं नाणं *खऱ्या* नाण्यावर मारलेलं असतं. एखादा झिजलेला, चार पैशांचा डिनारियस घ्यायचा आणि त्यावर आधुनिक ठशाने बार कोखबा किंवा रेगेलियनस ठोकायचा. धातू प्राचीन, वजन बरोबर, खालचं नाणंही अस्सल. प्रयोगशाळेतली धातूची चाचणीही पास होते. खोटा फक्त वरचा घाव.

इथे पृष्ठभाग वाचावा लागतो. दोन हजार वर्षांचा गंज आणि साठलेली पुटं वरच्या चित्रावर आणि खालच्या अवशेषांवर सारखीच पसरलेली हवीत. खालच्या खोबणीत जुना काळपट थर आणि वरच्या अक्षरांच्या कडेला स्वच्छ, चकचकीत धातू असेल तर नाणं खाली ठेवा. नव्या घावाने जुना थर तडकलेला असेल तरी तेच. ठशाची तुलनाही करा. खोटे बनवणारा एका ठशातून पुष्कळ नाणी काढतो, तेव्हा ओळखीच्या बनावट ठशांशी जुळलं की प्रकरण मिटलं. महागडं नाणं कधीही परतीच्या लेखी हमीशिवाय घेऊ नका.

नाणं साफ केलं तर खालचं जास्त स्पष्ट दिसेल का?

पुसलं जाईल. खालचे अवशेष केसाएवढ्या उंचीचे असतात, घासणीचा पहिला बळी तेच. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही नको. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस ठेवा, मऊ ब्रशने हलकेच पुसा, पूर्ण वाळवा.

मुंबई-कोकणात पावसाळा हा नाण्यांचा शत्रू आहे. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसली आणि पुसल्यावर पुन्हा आली, तर ते नाणं लगेच वेगळं काढा, ती पूड धातू खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते बदलत राहा. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यातून नाण्यावर हिरवट चिकटा येतो.

कायद्याचं काय?

भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार पुरावशेष ठरतं. त्याच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. बाहेरून विकत घेतलेलं नाणं भारतात आलं की त्यालाही परत बाहेर नेताना हीच अडचण येऊ शकते, म्हणून आयातीची कागदपत्रं जपून ठेवा. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

अमेरिकेतल्या मंडळींनी लक्षात ठेवावं की सायप्रस (2007 पासून) आणि इटली (2011 पासून) इथल्या काही प्रकारच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर तिथे निर्बंध आहेत, आणि ही यादी वाढत गेली आहे. नाणं आधी कोणाकडे होतं याचा कागद मागायला संकोच करू नका.

पाकिटावर काय लिहायचं?

वरच्या नाण्याचा प्रकार आणि संदर्भ क्रमांक, त्याखाली ‘खालचं:’ लिहून दुसऱ्याचा प्रकार आणि क्रमांक. वजन दोन दशांश स्थळांपर्यंत. खालचं चित्र वरच्याच्या तुलनेत किती फिरलंय ते घड्याळाच्या तासांत, उदाहरणार्थ ‘चार वाजता’. खालच्या नाण्याची *पुढची* बाजू वरच्याच्या कोणत्या बाजूला आहे हेही, कारण निम्म्या वेळा ती पालथी पडलेली असते. ओळख कशावरून पटली ते एका ओळीत: ‘मानेखाली पीआयए-एफ, मागे मशाल’. ही ओळ टाळलीत तर पाच वर्षांनी तेच नाणं हातात घेऊन मशाल पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागेल.